पाणी कुठे लागले?

यंत्राखाली धातूचा कीस मुद्दाम कोणी जमवत नाही. पण झाडायला घेतले की पोते भरते. किश्श्यांचेही तसेच आहे. शेलूबाजारला माझ्या घराला लागूनच गजाननचे इंजिने बोर करण्याचे, म्हणजे त्यांचे सिलिंडर आतून कापून देण्याचे, दुकान आहे. गजानन माझा विद्यार्थी. निवृत्तीनंतर मी रोज सकाळी वर्तमानपत्र घेऊन तेथे बसते, आणि उठताना एखादा किस्सा पदराला चिकटलेला असतोच.

*

आमचा पहिला वाद फलकावरून झाला. ‘येथे सर्व इंजनचे बोर करून मिळेल’ असे गजानन रंगवून घेत होता.

“इंजन नव्हे, इंजिन,” मी म्हटले. “आणि हे ‘बोर’ कोणते? झाड असेल तर ती बोर, फळ असेल तर ते बोर, कंटाळवाणा माणूस असेल तर तो बोर.”

“बाई, तिन्ही लिंगं सरले,” गजानन म्हणाला. “आता माह्या दुकानाले कोनतं उरलं?”

फलक मी शुद्ध करवून घेतला. रंगाऱ्याने मात्र ‘बोर’ हा शब्द सर्वांत मोठा काढला.

*

त्या मोठ्या अक्षरांनी किन्हीराजा गावचे दौलतराव आत ओढले गेले. त्यांची संत्र्याची बाग होती आणि आधीच्या बोअरवेलने त्यांना दगा दिला होता.

“बोर मारून पाह्यजे,” ते म्हणाले. “पन पानी लागलं पाह्यजे.”

“काका, आमच्या बोराले पानी लागलं तं गिऱ्हाईक आमाले मारते!”

कारण असे, की इंजिनाच्या सिलिंडरभोवती त्याला थंड ठेवणाऱ्या पाण्याची वाट असते. सिलिंडर आतून कापून मोठा करताना भिंत प्रमाणाबाहेर पातळ झाली, तर त्या वाटेला छिद्र पडते आणि सगळा ब्लॉक, म्हणजे सिलिंडरांचा अखंड ठोकळा, वाया जातो. त्या दिवसापासून दुकानात या अपघाताचे नावच ‘पाणी लागणे’ असे पडले. दौलतरावांना याचा पत्ता नव्हता. त्यांना आमचा चहा आवडला आणि बाजाराच्या दिवशी ते येऊन बसू लागले.

*

गजाननचा वर्गमित्र प्रफुल्ल कापडाच्या दुकानात बसतो, पण त्याचे चित्त मोटारींच्या शर्यतीत असते. आपल्या जुन्या गाडीचा ॲल्युमिनियमचा ब्लॉक तो एक दिवस पोत्यात गुंडाळून घेऊन आला. सिलिंडर मोठा, तर पिस्टन मोठा. पिस्टन मोठा, तर ताकद जास्त, हा त्याचा हिशेब. अडचण एकच होती. तसा ब्लॉक आता कोठेच मिळत नव्हता. हा बिघडला, तर गाडी भंगारात जाणार होती.

“थोडं जास्तच मोठं कर,” प्रफुल्ल म्हणाला.

“थोडं म्हनजे किती?”

“थोडं म्हनजे थोडं, लेका!”

गजाननने माझ्याकडे पाहिले. “‘थोडे’ हे अनिश्चित विशेषण आहे,” मी निर्णय दिला.

“आयकलं का? माही मशीन अनिश्चित विशेषन कापत नाही. आधी पिस्टन आन. तो मोजीन, मंग बोर मोजीन.”

पिस्टन येईपर्यंत ब्लॉक तसाच पोत्यात राहिला. प्रफुल्ल मात्र रोज येऊन त्याची प्रकृती विचारून जाई.

*

पिस्टन आले ते ऐन उन्हाळ्यात. ॲल्युमिनियम तापले की फुगते आणि माप चुकते. म्हणून गजाननने ब्लॉक कूलरसमोर स्टुलावर ठेवला. दौलतराव उन्हातून आले आणि नेमके मध्येच खुर्ची टाकून बसले.

“काका, बाजूले सरका. ब्लॉकले हवा लागू द्या.”

“मानूस उन्हात आन लोखंड हवेत?”

“लोखंड नाही काका, ॲल्युमिनियम.”

“मंग बरोबर हाय,” दौलतराव खुर्ची सरकवत म्हणाले. “मोठ्या घरचं दिसते.”

*

शेवटी कापण्याची सकाळ उजाडली. तीन सिलिंडर सुरेख झाले. चौथ्याची भिंत मुळातच एका बाजूला पातळ होती. गजाननने सर्वांना बोलायला बंदी केली. मलाही केली आणि मी ती पाळली. प्रफुल्ल दोन्ही हातांनी बाक धरून बसला होता. काप संपतच आला होता, आणि दारातून आरोळी आली,

“पानी लागलं! गजानन, पानी लागलं!”

गजाननने खटका ओढला. यंत्र थांबले. प्रफुल्लने डोळे मिटून घेतले. मागे वळून न पाहता गजाननने ब्लॉकची खालची तोंडे बुचांनी बंद केली, सिलिंडरभोवतीच्या वाटेत तांब्याने पाणी ओतले आणि ते आत झिरपते का, हे पाहायला बॅटरी लावून सिलिंडरावर डोके वाकवले.

दारात दौलतराव धापा टाकत उभे होते.

“दौलतराव, वाक्य पूर्ण करा,” मी म्हटले. “पाणी कुठे लागले?”

त्यांना दम लागला होता. त्यांनी नुसता हात हलवला. तेवढ्यात गजाननने डोके वर काढले.

“कोरडं हाय, बाई! ठनठनीत कोरडं!”

प्रफुल्ल बाकावरून उठून नाचू लागला आणि त्याने गजाननला मिठी मारली. दौलतरावांचा चेहरा मात्र पडला. त्यांनी खांद्यावरचा ओला गमछा आमच्यापुढे धरला.

“कोरडं काहून म्हनता, लेकहो? माह्या वावरातल्या नव्या बोराच्या पान्यानं आताच तोंड धुऊन आलो ना!”