त्यांचा गांजा, आमचं तोंड

"आ कर. अजून मोठा. जीभ वर घे."

सुपरवायझर टॉर्च तोंडात मारायचा. भर सकाळी, लख्ख उन्हात. रिसॉर्टच्या मागच्या फाटकाशी आम्ही कामाच्या बायका रांगेत उभ्या, आणि हा एकेकीच्या गालात, दाढेत उजेड पाडून खर्रा शोधतोय. सुपारी, तंबाखू, चुना घोटून केलेला आमच्याकडचा खर्रा. पाहुण्यांना त्याचा वास चालत नाही म्हणे. मग नाक जवळ आणून मोहाच्या दारूचा वासही घ्यायचा. मागे ड्रायव्हर उभे राहून बघायचे. एकदा माझ्या दाढेत भाजीचं पान अडकलेलं निघालं. ते त्याने सगळ्यांसमोर काडीने काढायला लावलं आणि म्हणाला, "म्हशीचं तोंड बरं याच्याहून."

ड्रायव्हर हसले. मी तोंड मिटलं आणि झाडू उचलला.

आम्ही ढिवर, मासे धरणारे. ताडोबाच्या अंगाला आमचं गाव, तळ्याच्या काठी. तळ्याचा ठेका बाहेरच्या माणसाने घेतला आणि आमची जाळी आढ्याला टांगली गेली. म्हणून मी रिसॉर्टवर आले. खोल्या झाडायच्या, चादरी बदलायच्या, संडास घासायचे. कामाची लाज कधी वाटली नाही. त्या टॉर्चची वाटायची. आणि रोज वाटून वाटून लाजसुद्धा थकते, हे मला तिथेच कळलं.

एका हिवाळ्यात शहरातून काही मंडळी आली. गांजा कायद्याने मोकळा करावा का नाही, यावर चर्चा करायला. गांजावर बोलायला जंगल कशाला लागतं, ते काही मला कळलं नाही. त्या दिवशी वाढप्याच्या पोराला ताप, म्हणून चहा द्यायला मला पाठवलं. हॉलमध्ये कापलेल्या केसांची एक मॅडम उभी राहून बोलत होती. सगळ्यांत मोठा आवाज तिचाच.

"माझं शरीर माझं आहे. त्यात काय जावं हे मी ठरवणार. सरकार नाही."

टाळ्या पडल्या. मी किटली धरून तशीच उभी राहिले. खरं सांगते, ते वाक्य मला फार आवडलं. मासोळीचा काटा घशात बसावा तसं बसलं. माझं शरीर माझं आहे, असं मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. मी तर तासाभरापूर्वीच फाटकाशी आ करून आले होते.

एक म्हातारे डॉक्टर मात्र विरोधात होते. ते म्हणाले, "तुमचं ठीक आहे हो. तुम्हाला सांभाळायला माणसं आहेत. या लोकांना मोकळं सोडलं, तर घरंच्या घरं बसतील." या लोकांना म्हणताना त्यांनी हनुवटी माझ्याकडे केली.

मॅडम माझ्याकडे वळल्या. वयाने माझ्यापेक्षा मोठ्याच, पण मावशी मी. "मावशी, तुमच्या आदिवासी संस्कृतीत तर हे पवित्रच मानतात ना?"

"आमी ढिवर आहो, मॅडम."

"हो, तेच."

मी कप भरत पुढे गेले. सांगण्यासारखं पुष्कळ होतं. माझा बा भजन मंडळात पेटी वाजवायचा आणि भजनाला बसण्याआधी चिलीम ओढायचा. घरामागच्या सांदवाडीत, वांग्यांच्या पलीकडे, गांजाचं एक झाड होतं. बाने कधी कोणावर हात उगारला नाही. पोलीस आले, झाड उपटलं, आणि तेच झाड बाच्या खांद्यावर देऊन त्याला गावातून चालवलं. आई रडत मागे धावली तेव्हा शिपाई म्हणाला, "रडू नको बाई, समज देऊन सोडतील." केस चालली ती चाललीच. बा सुटून घरी आला, पण पेटीला त्याने पुन्हा हात लावला नाही. मरेस्तोवर नाही.

आणि माझा देर, नवऱ्याचा धाकटा भाऊ, सूरजागडच्या लोखंडाच्या खाणीकडे ट्रकवर होता. तो याच गांजापायी वाया गेला. आज तो ओसरीत बसून स्वतःशीच बोलतो, आणि त्याची बायको दुसऱ्याच्या धानात रोजीने जाते. म्हणजे मॅडमचंही खरं होतं आणि डॉक्टरांचंही. पण दोघंही माझ्याविषयी बोलत होते, माझ्याशी कोणीच नाही. कप भरले, मी निघाले.

दुसऱ्या दिवशी मॅडमची खोली झाडताना टेबलावर गांजाचं पाकीट उघडं पडलेलं दिसलं. तसं काय, बऱ्याच खोल्यांत दिसतं. मी आजूबाजूची राख पुसली, पाकीट जिथल्या तिथे ठेवलं. तेवढ्यात खाली पळापळ. पोलिसांची गाडी गावाच्या वळणावर दिसली, असा ड्रायव्हरचा फोन आला होता.

मॅनेजरने मला चादरींच्या खोलीत बोलावलं. तिथे मॅडम उभ्या. पाकीट मॅनेजरच्या हातात.

"बाई, ऐक. पोलीस वरती आले, तर तू म्हणजो का हे माझ्या पिशवीतून पडलं. तुमच्यात चालतेच न. जराशी चीज आहे. साहेब आपल्या ओळखीचे आहेत. समज देऊन सोडतील."

समज देऊन सोडतील. अगदी तेच शब्द.

मी मॅडमकडे पाहिलं. वाटलं, ही तरी बोलेल. काल हिच्याच शरीराची गोष्ट चालली होती. मॅडम चादरींकडे बघत म्हणाल्या, "मी चांगला वकील करून देईन. ताईंना काही होणार नाही." काल मावशी होते, आज ताई झाले.

तेव्हा मला कळलं. माझं शरीर माझं आहे, हे वाक्य तिने तिच्यापुरतंच म्हटलं होतं. त्यात मी नव्हतेच. कायदा मोकळा असो का बंद, धुवायची चादर माझी, आणि आता तुरुंगात जायची पाळीही माझी. बाला समज देतो म्हणून नेलं आणि केस केली. मला ती समज न देताच आली.

"मी नाई म्हणणार," मी म्हणाले.

"काऊन?"

"माझं नाई, म्हणून. पाकीट मॅडमच्या टेबलावर होतं. मले विचारलं तर मी हेच सांगन."

"घरी बसा लागन मंग."

"बसन."

मी धुवायच्या चादरी उचलल्या.

मॅनेजरने पाकीट संडासात रिकामं केलं. तो मीच सकाळी घासला होता. पोलीस आले, चहा प्यायले. त्यांच्या कोण्या मोठ्या साहेबाच्या पाहुण्यांना जंगल बघायला जिप्सीत जागा पाहिजे होती, तेवढ्यासाठी आले होते. कोणी वर चढलं नाही, कोणी काही विचारलं नाही. वाघ आलाच नव्हता, आणि यांनी बकरी आधीच बांधून ठेवली होती. दुसऱ्या दिवशी फाटकावरून मला परत पाठवलं.

घरी नवरा म्हणाला, "एक शब्द म्हटला असता तर काय झालं असतं वो?" बाची बंद पडलेली पेटी त्याने पाहिली नव्हती.

परवा गावात सभा झाली. पोलीस पाटील म्हणाले, वरून हुकूम आहे, कोणाच्या सांदवाडीत गांजाचं झाड असेल तर नावं सांगा. सगळे जमिनीकडे बघू लागले. मी उठले. रिसॉर्टचं नाव सांगितलं. खोली सांगितली. मॅनेजरचं नाव, मॅडमचं नाव, पाकीट कुठे टाकलं ते, सगळं सांगितलं.

"लिवून घ्या, भाऊ," मी म्हणाले.

"बस बाई खाली. ते मोठे लोकं आहेत. इथी गावचं चालू आहे."

"गावचं मंग लिवा. आधी हे."

पेन हललं नाही. लोक माझा पदर ओढत होते, बस म्हणत होते. मी बसले नाही. पुढच्या सभेलाही बसणार नाही, त्याच्या पुढच्याही नाही. गांजाचं काय करायचं ते मोठ्यांनी ठरवावं. पण माझ्या गावातून दुसरा कोणताही माणूस खांद्यावर झाड घेऊन निघाला, तर त्याच्या पुढे मी चालणार आहे, थेट त्या रिसॉर्टच्या पुढच्या दारापर्यंत.