सव्वा महिन्यापुरती आई

माझी आई मला अख्खी अशी कधी मिळालीच नाही. ती आजारी होती, नोकरीला जायची, असलं काही नाही. चांगली धडधाकट, दिवसभर घरातच असायची. फक्त ती सगळ्यांची होती, आणि मला ती एकटीची हवी होती. एकोणतीस वर्षांची झाले, स्वतःला मूल झालं, तरी हे बोलताना माझं तोंड फुगतं. फुगू दे.

तिचं नाव गोदा. आम्ही कोपरचे, इथलेच, आगरी. आजोबा मिठागरात राबले, माझ्या लहानपणी बाबाही तिथेच होते. पुढे मिठागरं बंद पडली, शेतात बिल्डिंगी उभ्या राहिल्या, आणि उरलेल्या तुकड्यावर, घराच्या मागे, बाबांनी भाड्याच्या खोल्या बांधल्या. जिथे भात पिकायचं तिथे आता भाडेकरू पिकतात, असं बाबा म्हणायचे.

हे भाडेकरू म्हणजे बहुतेक नवी जोडपी. कुणी साताऱ्याकडचं, कुणी चिपळूणचं. नवरा सकाळी डबा घेऊन कंपनीत जायचा आणि गावाबाहेर कधी पाऊल न टाकलेली ती पोरगी चार भिंतींकडे बघत बसायची. आईला ते बघवायचं नाही. सामानाचा टेंपो रिकामा व्हायच्या आत ती दारात हजर.

"पयल्या दिशी चूल पेटवाची नाय," ती सांगायची. "जेवाला आमचेकरं."

मग तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं, नाहीतर सुक्या बोंबलाचं कालवण. पोरगी जेवता जेवता रडायला लागायची, आई तिच्या पाठीवरून हात फिरवायची, आणि मी समोर माझं ताट घेऊन बसलेली असायचे. मला तो हात कधी लागायचा, तर केसांत उवा शोधताना. पहिल्या दिवशी त्या पोरी तिला मालकीणबाई म्हणायच्या. महिन्याभरात आई म्हणायला लागायच्या. बरं, आईलाही त्यात काही वाटायचं नाही. कुणीही हाक मारली की ही 'काय गो' म्हणून निघाली. आमच्या घरासमोर सार्वजनिक नळ होता, त्याच्यात आणि माझ्या आईत मला फार फरक दिसायचा नाही.

त्यांची डोहाळजेवणं आमच्या ओट्यावर. सोडून गेल्या तर ओटी आमच्या देवासमोर. दिवाळीत चकलीचा पहिला घाणा मागच्या खोल्यांत जायचा, आमच्या डब्यात तुकडे. मी रुसून त्या खोल्यांत कधी पाऊल टाकलं नाही. तिथे आई काय करते, काय बोलते, मला बघायचंच नव्हतं.

त्यातही माझा खरा राग मालनवर. ही कोरेगावची, मागच्या खोलीतल्या सुशांतदादाची बायको. लहानपणीच आई गेलेली, त्यामुळे पहिल्या बाळंतपणाला जायला माहेर नाही. माझ्या आईला एवढं कारण पुरलं. मालनचं सगळं बाळंतपण तिने केलं. शेक, मालिश, बाळाची अंघोळ, सगळं. त्याच दिवसांत आमच्या शाळेचं गॅदरिंग होतं. मी कोळीनृत्यात पुढच्या रांगेत. आई माझा अंबाडा घालून गजरा माळणार होती. ऐन वेळेला मालनचं बाळ रडतंय म्हणून निरोप आला आणि आई गेली. गजरा शेजारणीने माळला, वाकडा. तो फोटो अजून भिंतीवर आहे. गजऱ्यापेक्षा माझं तोंड वाकडं आहे.

पुढे मालनने खडवलीला घर घेतलं आणि ती गेली. टेंपो वळणावर दिसेनासा होईपर्यंत आई रस्त्यावर उभी राहून रडत होती. माझ्या लग्नातही ती रडली, नाही असं नाही. पण रडता रडता मध्येच थांबून तिने आचाऱ्याला विचारलं, मागच्या खोलीवाल्यांची पंगत बसली का म्हणून. मी ते ऐकलं. नऊवारीत, मुंडावळ्या बांधलेल्या अवस्थेत ऐकलं.

म्हणून मला दिवस गेले तेव्हा मी ठरवून टाकलं. पहिलं बाळंतपण माहेरी करायची आमच्यात रीत आहे, म्हणजे हा तरी हक्क फक्त माझा. ठाण्याहून कोपरला आले आणि बॅग ठेवायच्या आधी आईला सांगितलं.

"हे बघ, बाळ झाल्यावर सव्वा महिना तू फक्त माझी. मागे जायचं नाही. कोणी बोलवलं तरी नाही."

आई हसली. "बरा," म्हणाली.

"हसू नको. शब्द दे."

"दिला गो बाय."

माझा नवरा हितेश म्हणाला, "आईला काँट्रॅक्टवर घेतलंस की काय?" त्याला काय कळणार. त्याची आई त्याला लहानपणापासून एकट्याला मिळालेली.

मुलगी झाली. दवाखान्यातून घरी आलो आणि माझे सोन्याचे दिवस सुरू झाले. सकाळी आई मला खोबरेल तेलाने रगडायची, अंघोळ घालायची, मग पाय लांब करून पाटावर बसायची आणि बाळाला पायांवर घ्यायची. गरम गरम अळिवाची खीर समोर यायची. ती खाल्ली की शेकाच्या उबेत बाळ आणि मी, दोघी मेल्यासारख्या झोपायचो. कानाशी आईचं काहीतरी पुटपुटणं चालू असायचं, ते कळायच्या आत माझा डोळा लागायचा. जागी झाले की आई समोर. मागच्या दाराला कडी. मी मनातल्या मनात जगातल्या सगळ्या मालनांना टुकटुक करत होते.

एक दिवस दुपारी जागी झाले तर आई नव्हती. बाहेर आरडाओरडा. मागच्या खोल्यांच्या पायरीवर शेवाळ धरलेलं, त्यावरून आई घसरली होती. मनगट मोडलं. शेजारी वाटी पडली होती आणि पायरीभर अळिवाची खीर सांडलेली.

माझी खीर. तिसऱ्या खोलीतल्या करिश्मासाठी नेत होती. ही नवीनच आलेली, चिपळूणकडची, सातवा महिना लागलेला. मी झोपेपर्यंत थांबून, कडी हळूच काढून, वाटी पदराखाली घेऊन माझी आई चोरासारखी तिच्याकडे निघाली होती.

"शब्द दिलेलास," मी दारातूनच म्हटलं.

आई हात पोटाशी धरून बसली होती. "वास गेलता तिचे घरान," ती म्हणाली. "पोटुशी बाय हाय. वास आल्यावर तिला वाटीभर देवाला नको?"

हाताला प्लास्टर लागलं. आता मला न्हाऊमाखू कोण घालणार, बाळाला पायांवर कोण घेणार? सासूबाईंचे गुडघे गेलेले, त्यांना खाली बसता येत नाही. मला तर बाळ नुसतं उचलायचीही भीती वाटायची. मी सकाळ-संध्याकाळ रडून घेतलं. तिसऱ्या खोलीच्या दिशेने बघणंसुद्धा सोडून दिलं. ती पोरगी गुपचूप यायची, मोरीतली बाळाची दुपटी, लंगोट उचलून न्यायची, धुऊन वाळत घालायची आणि घड्या करून उंबऱ्यावर ठेवून जायची. मी घड्या मोडून परत घालायचे.

आणि मग खडवलीहून मालन आली. केस पिकायला लागलेले, हातात कपड्यांची पिशवी. कुणी कळवलं, देव जाणे.

"आठवडाभर आलेय," तिने सांगितलं. "कल्पी, पाणी काढते, तेल कुठंय?"

नको म्हणायची सोय नव्हती. तिने साडी खोचली, पाटावर बसली, पाय लांब केले आणि बाळाला पायांवर घेतलं. कोपर बुडवून पाणी बघितलं, आई बघते तसं. कपाळाला हाताचा आडोसा धरून तांब्या ओतला, आई धरते तसा. अंघोळ झाल्यावर बाळाच्या नाकाची शेंडी चिमटीत धरून वर ओढली, तेही तसंच. आई बाहेरच्या खोलीत प्लास्टर घेऊन पडली होती. तिने एकदाही सांगितलं नाही, असं कर, तसं कर. सांगावं लागलंच नाही. मालनला माझी आई तोंडपाठ होती. मला माझी आई येत नव्हती. हे बघून मला जे काही झालं ते शेकाच्या निखाऱ्यांनी होत नाही.

दोन दिवस मी तिच्याशी कामापुरतं बोलले. तिसऱ्या दिवशी बाबा आईला प्लास्टर दाखवायला घेऊन गेले. दुपारी बाळाने जो सूर लावला तो थांबेना. पाजून झालं, थोपटून झालं, फेऱ्या मारून झाल्या. माझ्याकडे ते थांबेचना.

"आण इकडं," मालन म्हणाली.

"मी बघते."

"बघितलंस ना बाई. आण."

दिलं. तिने बाळ मांडीवर आडवं घेतलं, मांडी हलवायला लागली आणि गायला लागली. साताऱ्याच्या जिभेवर आमची आगरी बोली, जरा अडखळत, पण एक शब्द न चुकवता.

निज गो माजे कल्पे, निज,
बापूस गेला मिठागरा,
येताना तो घेऊन यील
मिठाचा पांढरा घोरा.

बाळ गप्प झालं.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"गाणं. आईंचं." तिने मांडी थांबवली नाही. "तू झालीस तेव्हा तुझे वडील मिठागरात. चार चार दिवस यायचे नाहीत. तेव्हा आईंनी केलेलं तुझ्यासाठी. तुला माहीत नाही?"

"नाव माझं आहे त्यात."

"मग कुणाचं असणार?"

"तू तुझ्या सौमित्रला पण हेच म्हणायचीस? कल्पे म्हणून?"

"हेच. एकदा मी नाव बदलून सौमित्र घातलं, तर आई रागावल्या. आयुष्यात तेवढ्याच एकदा रागावल्या माझ्यावर. म्हणाल्या, गाना उसना देतंव. नाव बदलाचा नाय. माजे पोरीचा हाय ता." मालन हसली. "सौमित्र बोलायला लागला तसा झोप आली की 'कल्पी म्हण' म्हणायचा. आता मिशा फुटल्यात त्याला. माझ्या बहिणीने कोरेगावला तिच्या दोन्ही पोरांना हेच म्हटलं. या खोल्यांतून जेवढ्या गेल्या त्या सगळ्याच म्हणतात. एक तर नाशकात आहे."

एवढी वर्षं मी हिशेब धरून बसले होते, आईने कुणाला काय काय देऊन टाकलं याचा. माझ्या चकल्या, माझा गजरा, माझी खीर. आणि तिकडे कोरेगावात आणि नाशकात, मी कधी न पाहिलेल्या घरांत, न पाहिलेल्या बायका भरदुपारी पोरांना मांडीवर घेऊन मला झोपवत होत्या.

आई परत आली तेव्हा मी तिला दारातच गाठलं.

"त्या सगळ्यांना माहीत आहे. मलाच का नाही सांगितलंस?"

आईला आधी कळेना. मालनकडे बघितल्यावर कळलं. ती भिंतीला हात लावून सावकाश खाली बसली.

"रोज तं सांगाची," आई म्हणाली. "तू निजलेली असाची."

मी तिचा चांगला हात होता तो धरून बसले, तिला चहासुद्धा करू दिला नाही.

बारशाला मुलीचं नाव सान्वी ठेवलं. मालन दुसऱ्या दिवशी निघाली. जाताना तिने विचारलं, आता गाण्यात सान्वी घालायचं का? नाही, मी म्हटलं. सान्वीने मोठं होऊन भांडावं हवं तर. गाणं माझं आहे, ते मी कुणाला देणार नाही, नुकतंच हाताला लागलंय.

मालन गेली त्या दुपारी उंबऱ्यावर करिश्मा उभी होती. हातात घडी केलेली दुपटी. रोज ठेवून जायची, आज उभी राहिली. पोट चांगलंच दिसायला लागलेलं. मला बघून तिने नजर खाली घातली.

"ताई, मालनताईंना मी ते गाणं शिकवा म्हटलेलं," ती म्हणाली. "त्या बोलल्या, मी नाय देऊ शकत, जिचं आहे तिला विचार."

मालनने जाता जाता हे माझ्या गळ्यात बांधलं होतं तर. मी करिश्माकडे बघितलं. माझी खीर, माझ्या आईचं मनगट, माझा सव्वा महिना, सगळं हिच्यापायी गेलेलं. आणि आता हिला गाणंही हवं होतं. मला खरंच नाही म्हणायचं होतं. तोंडात आलं होतं.

"तुझी आई येणार आहे का बाळंतपणाला?" मी विचारलं.

तिने मान हलवली, नाही म्हणून. का, ते मी विचारलं नाही.

"आत ये," मी म्हटलं. "बस. उसनं देतेय, लक्षात ठेव. नाव बदलायचं नाही."

ती भिंतीला टेकून बसली. मी सान्वीला मांडीवर घेतलं आणि सुरुवात केली. माझा आवाज काही गोड नाही. मिठाच्या घोड्याशी, त्या 'घोऱ्या'ला, तो पार फाटला. करिश्मा ओठ हलवत हलवत मागून म्हणत होती, आणि 'कल्पे'ला दर वेळी माझ्याकडे चोरून बघत होती. दोनदा, तीनदा म्हटलं. तिला येईपर्यंत म्हटलं.

मग मला वाटलं, आईने हे ऐकलं असेल, आता बाहेरून काहीतरी बोलेल. मी वाकून बघितलं. प्लास्टरचा हात छातीवर ठेवून ती निजली होती.