काहून-मामा आणि माझ्या पिशवीतला नारळ

काहून-मामांना पडून असलेली वस्तू बघवत नसे. तुटका पाट असो की देवळामागची बंद खोली, कंबरेवर हात ठेवून ते तिच्यासमोर उभे राहायचे आणि विचारायचे, "आरं, हे काहून पडून हाय?" काहून म्हणजे का, आणि नावही त्यावरूनच पडलं. त्यांचं खरं नाव त्यांच्या बायकोला तरी आठवत होतं की नाही, कोण जाणे. हट्ट्याच्या रस्त्यावरून आत वळलं की आमचं गाव. हळद पिकवायची, शिजवायची, वाळवायची आणि वसमतच्या बाजारात नेऊन ओतायची, एवढंच आम्हाला ठाऊक.

मला या माणसाचा हेवा वाटे. आजही वाटतो. कारण गावाचं भलं मी करणार, हे मी त्यांच्या आधी ठरवलं होतं. पारावर सगळ्यांना चहा पाजून जाहीरही केलं होतं. फक्त माझी सारी मदार बाहेरून आणायच्या गोष्टींवर. एका साली शहरातून अळिंबीचं बी आणलं आणि बैठकीच्या खोलीत ओली पोती टांगली. चैत्राच्या उन्हात सगळं वाळून गेलं. एकच छत्री उगवली, तीही बायकोनं "भिंतीला बुरशी आली" म्हणत खराट्यानं झाडून टाकली. मामा बघायला आले. पोती चाचपून म्हणाले, "पोती चांगली हायत की. काहून पडून हायत?" आणि चार पोती घेऊन गेले.

मामांनी बाहेरून काही म्हणजे काही आणलं नाही. देवळापुढची फरशी नुसती तापते, तर तिथं हळद वाळवा. गिरणीवाल्याची जुनी चक्की मागच्या खोलीत धूळ खाते, तर तिच्यात हळद दळा. कौसाबाईचा आवाज चार वस्त्यांना ऐकू जातो, तर बायका गोळा करायचं काम तिचं. हळद गावातच दळायची आणि गावाच्या नावानं विकायची. "आपल्याकडं काय न्हाई ते बघत बसलं तर मरेपर्यंत संपत न्हाई," ते म्हणायचे. "हाय ते हलवा आधी." असलं एखादं वाक्य आपल्यालाही सुचावं म्हणून मी आरशासमोर बसून पाहिलं. दाढी करून उठलो.

मग त्यांची नजर माझ्या अंगणात पालथ्या पडलेल्या काहिलीवर गेली. वडलांच्या गुऱ्हाळातली, उसाचा रस आटवायची ती भली थोरली कढई.

"हे काहून..."

"पडून न्हाई," मी घाईनं म्हणालो. "पाणी साठवतो आमी तिच्यात."

"पालथीत?" मामांनी कड उचलली. आतून कोंबडी निघाली, मागे पिल्लांची रांग. "पाण्याला पाय फुटले की लेका!"

बायको तोंडाला पदर लावून आत पळाली. काहील हळद शिजवायला गेली.

देताना माझ्या मनात एक डाव होता. आमच्याकडे हंगामातली पहिली काहील चुलाणावर चढली की नारळ फोडतात, आणि तो कुणी फोडायचा हे हळद शिजवणाऱ्या बायका ठरवतात. ज्याच्या हातचा नारळ, त्याचा शब्द गावात चालतो. काहील माझी म्हणजे नारळही माझाच, असं धरून मी पिशवीत नारळ घालून गेलो. कौसाबाईनं हाक मारली, "मामा, या म्होरं."

"पिशवी जड दिसती," मामा जाता जाता म्हणाले.

"कांदे हायत," मी म्हणालो.

पुढे दर साली तेच. दर साली कांदे घरी परत, आणि संध्याकाळी आमच्याकडे खोबऱ्याची चटणी. बायको आधीच मिरच्या भाजून ठेवी.

दुसऱ्या गावची माणसं आमचं काम बघायला येऊ लागली, तेव्हा मी इस्त्रीचे कपडे घालून एस.टी.च्या थांब्यावर उभा राहायचो. त्यांना फिरवायचो, घसा बसेपर्यंत सांगायचो. शेवटी ते विचारायचे, "ते मामा कुठं भेटतील?" मामांबरोबरच्या त्यांच्या फोटोत माझं कोपर आलंय. छान आलंय.

यंदा हळद काढणीला आली आणि थोड्याशा आजारानं मामा गेले. मी खांदा दिला. वाटेत लोक म्हणत होते, असा माणूस पुन्हा होणे नाही; आणि लाज सोडून सांगतो, मला तेवढ्यातही चुरचुरलं.

पहिल्या काहिलीच्या दिवशी नारळ न्यायचा नाही असं ठरवलं होतं. सवयीनं नेलाच. चुलाण पेटलं आणि कौसाबाई म्हणाली, "अण्णा, या म्होरं."

अखेर गावानं मला ओळखलं! गप्प पुढं व्हावं की नाही? पण माझी जीभ. "मलाच काहून?" मी विचारलं.

कौसाबाई डोळे पुसता पुसता हसली. "मामा सांगून गेले. म्हणले, अण्णाच्या पिशवीत दर साली कांदे असतेत, आन् कांद्याला शेंडी असती. काहून पडून ऱ्हावं बापड्यानं? यंदा फोडू द्या त्याला."

बायका हसल्या, रडल्या. नारळ एका घावात फुटला. धुरानं माझे डोळे झोंबले. धूरच होता. मग खोबऱ्याचे तुकडे वाटले, आणि जो तो आपला तुकडा कपाळाला लावून म्हणत होता, "मामांचा परसाद."

काहील माझी, नारळ माझा, हातही माझा. म्हाताऱ्यानं जाऊनसुद्धा मला पुढं सरकू दिलं नाही.

घरी आलो तर बायकोनं मिरच्या भाजून ठेवलेल्या.