गार पाऊल

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. लेकीच्या हृदयातलं जन्मजात छिद्र जांघेतून नळी घालून बुजवलं, तेव्हा ती दोन वर्षांची होती. “पाय गार लागला तर लगेच हाक मारा,” असं सिस्टरनी बजावलं होतं. पाय गार लागला. मला वाटलं, एसीमुळे असेल. मी त्यावर मोजा चढवला. आत रक्त अडलेलं होतं.

आज ती न्हाऊन बाहेर आली. फरशीवर ओली पावलं उमटली. उजवं डाव्याहून लहान. जणू तिच्यासोबत आणखी एक मुलगी चालत गेली होती, तेव्हाच वाढायची थांबलेली. लहान पावलं आधी सुकली.

फरशी पुसताना बायको म्हणाली, “तेव्हा रडते म्हणून मीच मेलीनं मांडीवर घेतलं, सरळ ठेवायला सांगितलेला पाय वाकवला.” बारा वर्षं ती हेच म्हणते आणि मी ऐकून घेतो.

चूक तिची नव्हती, माझी होती, हे तिला सांगणं अजून राहिलं आहे.