पाहणीचा दिवस

सरकारी इस्पितळाच्या तळघरातला धुलाईखाना आक्कांच्या ताब्यात होता. तोंडाने फटकळ बाई; पण रोग्याच्या चादरीला एक चुणी खपवून घ्यायच्या नाहीत. मोठ्या चादरीची घडी एकट्याने होत नाही, समोर दुसरं माणूस लागतं. आक्कांच्या समोर वर्षानुवर्षं चिमणी उभी राहायची. परक्या देशातून कामाच्या परवान्यावर आलेली ही लहानखुरी बाई. खरं नाव कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून चिमणी. दोघींचं बोलणं मोडकंतोडकं. पण चादरीला बसणाऱ्या हिसक्यावरून समोरची दमलीय की रागावलीय, ते एकमेकींना बरोबर कळायचं. चिमणीच्या पगारावर तिकडे तिची लेक शिकत होती.

त्या वर्षी देशाच्या तिजोरीत खडखडाट झाला. टीव्हीवर अर्थमंत्री म्हणाले, अंथरूण पाहून पाय पसरले पाहिजेत. सरकारी खात्यांत गरजेपेक्षा जास्त हात असतील ते कमी करायचे, आणि सुरुवात परदेशी कामगारांपासून.

"बरोबरच आहे," आक्कांचे यजमान म्हणाले. "आधी घरचे, मग बाहेरचे."

"अंथरुणाचं मला नका शिकवू. त्यातच जन्म गेलाय माझा," आक्का फणकारल्या. पण त्यांचा सख्खा भाचा नोकरीवाचून घरी बसून होता.

कुठे किती माणसं लागतात ते बघायला खात्याचे साहेब येणार, असं कळलं. आक्कांनी सगळ्यांना गोळा केलं. "हे बघा, अब्रूचा प्रश्न आहे. सरकारी माणसं बसून पगार खातात, असं कुणी म्हणता कामा नये. आपण काय चीज आहोत ते दाखवू या."

आणि दाखवलं! त्या दिवशी कुणी चहाला उठलं नाही. चिमणीचं मनगट सुजलं होतं, तर तिने पट्टी सोडून खिशात टाकली. चादरी सपासप घडी होऊन रचल्या जात होत्या. दिवसभराचं काम दुपारीच हातावेगळं झालं. साहेब घड्याळाकडे बघत म्हणाले, "वा, बाई!" आक्कांना आभाळ ठेंगणं झालं.

काही दिवसांनी अहवाल आला. काम दुपारीच आटोपतं, सबब निम्मी माणसं पुरेत. चिमणीचा परवाना वाढणार नव्हता.

आक्का तशाच ओल्या हातांनी साहेबांपुढे जाऊन उभ्या राहिल्या. "साहेब, त्या दिवशी आम्ही जिवाचं रान केलं. रोज तसं केलं तर माणूस मरेल."

साहेब काही वाईट नव्हते. त्यांनी खुर्ची दिली. "मग काय लिहू, आक्का? एरवी तुम्ही कामचुकारपणा करता, असं?"

आक्का खुर्चीत न बसताच परत फिरल्या. हे आपणच केलं, आपल्या हाताने केलं, एवढंच त्यांच्या डोक्यात घुमत राहिलं.

शेवटच्या दिवशीही दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या. चिमणीचे डोळे रडून सुजले होते. चादरीची टोकं जुळवायला ती जवळ आली तेव्हा तिने विचारलं, "आक्का, मोठे साहेब आले, तेव्हा काम चांगलं झालं ना?"

आक्कांना खरं सांगायचं होतं. पण धीर झाला नाही.

"फार चांगलं झालं गं."

"लेकीला सांगणार मी," चिमणी म्हणाली. "साहेब वा म्हणाले."