काकांचं पिढीजात म्यान

त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. काकांची जमीनदारी नुकतीच गेली होती आणि बैठकीतल्या तलवारीला त्यांना पूर्वजांच्या काळचं वाटेल असं चामड्याचं म्यान हवं होतं. ते करायला तो पोंभुर्ण्याहून चांद्याला आला आणि महिनाभर आमच्या अंगणात बसला. टाका घातला की डोळे मिटून त्यावरून अंगठा फिरवायचा. पटला नाही तर मान हलवून उसवायचा.

दसऱ्याला नागपूरचे एक साहेब आले. त्यांना म्यान आवडलं तर पुढचं काम मिळवून देतो, असं काकांनी त्याला कबूल केलं होतं. म्हणून तो बैठकीच्या खिडकीबाहेर उभा होता.

"असं कोणी करून देत असेल तर मला दोन हवीत," साहेब म्हणाले.

"हे दोनशे वर्षांपूर्वीचं आहे," काका म्हणाले. "ते कारागीर केव्हाच मेले."

मी खिडकीशीच होते. तो हळूच म्हणाला, "बाई, मी मेलो म्हणे! घरी सांगा लागन."

परक्यांसमोर मी कधी बोलत नसे. पण संतापाने बोलून गेले, "साहेब, करणारा बाहेर उभा आहे."

काका हसले. "इंग्रजी शाळेत शिकली आहे. तिला जुन्या वस्तूंची काय पारख?"

साहेबही हसले.

मी वळले तेव्हा तो वहाणा घालत होता. "जाऊ द्या बाई. जुनं दिसाले पायजे म्हणून मीच तं लय मेहनत केली."

तो हे इतकं शांतपणे म्हणाला, याचाही मला अजून राग येतो.