बंद घराची फुली

समोरच्या दाराला आज कुलूप आहे. कडीला अडकवलेली दुधाची पिशवी दुपार झाली तरी तशीच लोंबते आहे.

साथरोगशास्त्र शिकताना आम्ही एका वस्तीत तापाचं सर्वेक्षण करत होतो. घर बंद असेल तर दारावर खडूने फुली मारायची आणि शेजारचं घर घ्यायचं, असा नियम होता. अशीच एक फुली मारून मी शेजारच्या बाईंना विचारलं, "घरात कुणाला ताप?"

"आमच्यात नाही गं बाई. त्या बंद घरातली पोरगी मात्र तापाने फणफणली होती. काल सगळेच तिला घेऊन दवाखान्यात गेलेत."

मी 'ताप नाही' असं लिहिलं. नियमाप्रमाणे आता हेच घर मोजायचं होतं.

आमच्या तक्त्यात वस्ती ठणठणीत निघाली. तापाची घरं उत्तर द्यायला जागेवर नव्हतीच. परीक्षेत या चुकीचं नाव मी अचूक लिहिलं, मार्कही मिळाले. त्या पोरीचं नाव मी विचारलंच नव्हतं.

उठून समोरच्या कडीची दुधाची पिशवी माझ्या घरात आणली. पिशवीतून झिरपलेल्या दुधाने बोटं ओली, पांढरट झाली होती. खडू लागल्यासारखी मी ती कितीतरी वेळ पदराला पुसत राहिले.